प्राणहितेचे प्राण : चंद्रपूर-गडचिरोलीतील जलप्रदूषण आणि जलपरिसंस्थांचे रक्षण

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला असलेले चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे राज्याच्या नकाशावर वनजिल्हे म्हणून ओळखले जातात. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता. त्या दिवशी प्रशासनाच्या सोयीसाठी त्याचे विभाजन झाले; नद्यांचे विभाजन मात्र होऊ शकले नाही. पश्चिमेकडून येणारी वर्धा आणि दोन्ही जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहणारी वैनगंगा यांचा चपराळा अभयारण्याजवळ संगम होतो. तेथून पुढे या प्रवाहाला प्राणहिता म्हणतात. सुमारे ११३ किलोमीटर वाहून प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. गोदावरीच्या एकूण खोऱ्यापैकी जवळजवळ एक-तृतीयांश भागाचे पाणी या एका उपनदीतून येते.

या नदीव्यवस्थेच्या एका अंगाला कोळसा, वीज, सिमेंट आणि कागद यांचे मोठे कारखानदारी क्षेत्र आहे, तर दुसऱ्या अंगाला सुमारे सत्तर टक्के वनाच्छादन असलेला गडचिरोली जिल्हा. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची सध्याची क्षमता २९२० मेगावॉट आहे. या परिसरातून ठाणे जिल्ह्यातील पडघ्यापर्यंत सुमारे साडेसातशे किलोमीटर लांबीची उच्चदाब वाहिनी जाते आणि तिची वहनक्षमता १५०० मेगावॉट आहे. वीज अशा रीतीने पश्चिमेकडे जाते, सिमेंट आणि कागद देशभर जातात. राख, खाणीची माती आणि सांडपाणी मात्र येथेच राहते. जे राहत नाही ते नदीबरोबर गडचिरोलीकडे वाहत जाते. ज्या गावांनी या उद्योगांपासून फारसे काही मिळवले नाही, त्यांच्या घाटावर ते पोहोचते. म्हणूनच येथील जलप्रदूषणाचा विचार केवळ कारखान्याच्या नळाशी थांबवून चालत नाही. पाणी प्रयोगशाळेच्या कसोटीला उतरते की नाही, याबरोबरच त्या पाण्यात काय जगते आणि त्यावर कोण जगते, हे पाहणे अगत्याचे ठरते.

कोळसा, राख आणि इरई

चंद्रपूर शहराच्या उशाशी वाहणारी इरई नदी ही वर्धेची उपनदी. ताडोबाच्या जंगलाला लागून या नदीवर धरण बांधण्यात आले आहे. औष्णिक केंद्राला आणि चंद्रपूर शहराला याच धरणातून पाणी मिळते. या केंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला. जुने २१० मेगावॉटचे दोन संच पुढे बंद झाले आणि ५०० मेगावॉटचे दोन नवे संच उभे राहिले. २०१० च्या उन्हाळ्यात धरणाची पातळी इतकी खालावली की केंद्राची वीजनिर्मिती थांबवण्याची पाळी आली. पाण्यावाचून कोळशाचा ढीग कामाचा नाही, हे तेव्हा सर्वांच्याच लक्षात आले.

औष्णिक केंद्राला किती पाणी लागते याचा अंदाज एका साध्या गणिताने करता येतो. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०१५ मध्ये जुन्या केंद्रांसाठी एका मेगावॉट-तासाला साडेतीन घनमीटर ही कमाल मर्यादा ठरवून दिली. २९२० मेगावॉटचे केंद्र पूर्ण क्षमतेने चालले, तर या मर्यादेनुसारही दिवसाला सुमारे साडेचोवीस कोटी लिटर पाणी लागू शकते. एवढे पाणी एका लहान नदीतून काढून घेतल्यावर धरणाखालच्या पात्रात उन्हाळ्यात काय उरते, हा प्रश्न प्रदूषणाइतकाच महत्त्वाचा आहे. प्रवाह क्षीण झाला की तेवढीच घाण अधिक दाट होते.

भारतीय कोळशात राखेचे प्रमाण तीस ते पंचेचाळीस टक्क्यांपर्यंत असते. परंपरेने ही राख पाण्यात कालवून नळावाटे राखेच्या तलावात सोडली जाते. नळ फुटला, तलावाचा बांध झिरपला किंवा पावसाळ्यात तो ओसंडला, तर ती राख नाल्यांवाटे नदीत येते. राखेचे कण अत्यंत सूक्ष्म असतात. ते पाणी गढूळ करतात, सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचू देत नाहीत आणि शेवटी तळाशी बसून सिमेंटसारखा थर करतात. राखेत अल्प प्रमाणात आर्सेनिक, पारा, शिसे यांसारखी द्रव्येही असतात. दीर्घकाळ साठवलेल्या राखेतून ती भूजलात उतरण्याचा धोका राहतो.

राखेचा उपयोग सिमेंट, विटा आणि रस्त्यांच्या भरावासाठी करावा, यासाठी केंद्र सरकारने १९९९ मध्ये अधिसूचना काढली. तिच्यात अनेकदा सुधारणा झाल्या आणि ३१ डिसेंबर २०२१ ची नवी अधिसूचना राखेच्या पूर्ण वापराचे बंधन घालते. चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घूस, गडचांदूर, आवारपूर, उपरवाही येथे सिमेंट कारखाने असल्याने या राखेला जवळच गिऱ्हाईक आहे. तरीही वर्षानुवर्षे साठलेल्या जुन्या राखेचे काय करायचे, हा प्रश्न उरतोच.

कोळसा खाणींचा प्रश्न याहून वेगळा आहे. खुल्या खाणीत कोळशापर्यंत पोहोचण्यासाठी वरची माती आणि खडक काढून त्यांचे डोंगर रचले जातात. दुर्गापूर-पद्मापूरपासून बल्लारपूर, सास्ती, घुग्घूसपर्यंत असे कृत्रिम डोंगर दिसतात. काही ठिकाणी ते नदीच्या काठालाच टेकलेले आहेत. पहिल्या जोरदार पावसात त्यांवरील माती घसरून पात्रात येते, पात्र अरुंद आणि उथळ होते. मग पूर आला की पाण्याला पसरायला जागा उरत नाही आणि ते वस्त्यांत शिरते. जुलै २०२२ मध्ये चंद्रपूर शहर आणि परिसराने हा अनुभव घेतला. खाणीत साचलेले पाणी उपसून नाल्यात सोडताना त्याबरोबर कोळशाची भुकटी आणि विरघळलेले क्षारही जातात.

शहराचा वाटा

प्रदूषणाचा सारा दोष उद्योगांच्या माथी मारणे सोयीचे असले, तरी ते खरे नाही. चंद्रपूरच्या महाकाली मंदिराजवळून आणि अंचलेश्वर मंदिराच्या कडेने वाहणारी झरपट ही इरईची उपनदी. चैत्रात महाकालीच्या यात्रेला विदर्भ, मराठवाडा आणि शेजारच्या तेलंगणातून हजारो भाविक येतात आणि याच नदीवर उतरतात. वर्षाचा बराच काळ मात्र या नदीचे पात्र इकॉर्निया म्हणजे जलपर्णीने झाकलेले असते. जलपर्णीला वाढण्यासाठी नत्र आणि स्फुरद लागते. शहराचे मलजल तिला ते भरपूर पुरवते. जलपर्णी हे रोगाचे लक्षण आहे. तिला यंत्राने काढले आणि मलजल तसेच वाहू दिले, तर काही महिन्यांत ती पुन्हा पसरते.

शहराच्या मध्यभागी असलेल्या गोंडकालीन रामाळा तलावाची कथाही अशीच आहे. एका बाजूने नाल्याचे सांडपाणी, दुसऱ्या बाजूने अतिक्रमण आणि वर जलपर्णी असा या तलावाला वेढा पडला होता. इको-प्रो या संस्थेचे बंडू धोतरे यांनी फेब्रुवारी-मार्च २०२१ मध्ये तलावासाठी अन्नत्याग सत्याग्रह केला. त्यानंतर तलावाच्या खोलीकरणाला आणि संवर्धनाला चालना मिळाली. शहरातील एका तलावासाठी नागरिकाला उपाशी बसावे लागले, यातच यंत्रणेच्या प्राधान्यक्रमाचे चित्र स्पष्ट होते.

पाणी मरते म्हणजे काय?

नदीचे आरोग्य मोजण्याच्या काही शास्त्रीय कसोट्या आहेत. त्यांतील पहिली विरघळलेल्या प्राणवायूची. मासे आणि जलकीटक हवेतून नव्हे, तर पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतात. लिटरमागे पाच मिलिग्रॅम प्राणवायू असेल तर बहुतेक मासे सुखाने जगतात. तो दोन-तीन मिलिग्रॅमच्या खाली गेला की ते गुदमरू लागतात. मलजल किंवा कागद कारखान्याचे सेंद्रिय सांडपाणी पाण्यात आले, की ते कुजवणारे जिवाणू हा प्राणवायू खर्च करतात. या खर्चाच्या मापाला जैविक प्राणवायू मागणी किंवा बीओडी म्हणतात. स्नानयोग्य पाण्यात ती लिटरमागे तीन मिलिग्रॅमहून अधिक नसावी, असा दंडक आहे.

येथे चंद्रपूरचा उन्हाळाही लक्षात घ्यावा लागतो. पाणी जितके उष्ण, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. वीस अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावत असेल, तर पस्तीस अंशाला तो सातच्या आसपास येतो. ज्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीस अंशांवर जातो, तेथील उथळ पाणी आधीच काठावर जगत असते. इतर नद्यांना पचणारे सांडपाणी या नद्यांना उन्हाळ्यात पचत नाही. देशभर सारखे असलेले प्रमाण येथे जसेच्या तसे लावणे म्हणूनच अपुरे पडते.

अशा वेळी नदीतील जीवसृष्टीला आधार असतो तो डोहांचा. उन्हाळ्यात प्रवाह तुटतो तेव्हा मासे, कासवे, शिंपले डोहांत आसरा घेतात आणि पावसाळ्यात तेथूनच पुन्हा साऱ्या नदीत पसरतात. डोह हे नदीचे बियाणे साठवण्याचे कोठार आहे. गाळाने, राखेने किंवा खाणीच्या मातीने डोह भरला, तर पुढच्या पावसाळ्यात पाणी येईल. मासा येणार नाही. अनिर्बंध वाळूउपशाने डोहांची ठेवणच मोडते. नमुना घेण्याच्या दिवशी पाणी स्वच्छ असले, तरी ही हानी अहवालात दिसत नाही.

जमिनीखालचे पाणी

चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा, भद्रावती, कोरपना, राजुरा या भागांतील काही गावांत भूजलात फ्लोराईडचे प्रमाण अधिक आढळते. हे मुख्यतः खडकांतून येणारे नैसर्गिक प्रदूषण आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराईड स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोत नसल्यास दीड मिलिग्रॅमपर्यंत चालण्याजोगे मानले जाते. त्याहून अधिक फ्लोराईड वर्षानुवर्षे पोटात गेल्यास आधी मुलांचे दात पिवळे पडतात आणि पुढे हाडे व सांधे कडक होतात. खोल विंधनविहिरींवरील अवलंबन वाढले, की हा धोका वाढतो. नदी, तलाव आणि उथळ विहिरी स्वच्छ राहिल्या तरच या गावांना पर्याय उरतो. भूपृष्ठावरील पाणी बिघडवण्याची किंमत अशी जमिनीखालीही मोजावी लागते.

वैनगंगेवरचे ओझे

वर्धेइतकी कारखानदारी वैनगंगेच्या काठी या दोन जिल्ह्यांत नाही. तरीही वैनगंगा येथे निर्मळ येत नाही. नागपूर महानगराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत येते आणि भंडारा जिल्ह्यातील गोसीखुर्द धरणात साठते. २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते भूमिपूजन झालेल्या या धरणाचे पाणी पूर्व विदर्भाच्या शेतीसाठी होते. आज त्याच पाण्याबरोबर एका महानगराची घाणही खाली येते. वडसा, आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी ही गावे आणि उत्तरवाहिनी म्हणून पुण्यप्रद मानला जाणारा मार्कंडा देवस्थानचा घाट त्याच प्रवाहावर आहेत.

धरणे आणि बंधारे यांचा आणखी एक परिणाम आहे, तो म्हणजे वाटा बंद होणे. कतला, रोहू, मृगळ हे मासे पावसाळ्यात पुराच्या पाण्याबरोबर वर चढून अंडी घालतात. गोदावरी खोऱ्यातील गोड्या पाण्याची मोठी कोळंबी, जिला विदर्भात झिंगा म्हणतात, तिचा प्रवास याच्या उलट असतो. तिच्या पिलांना सुरुवातीला खाडीचे मचूळ पाणी लागते. मोठी झाल्यावर ती नदीतून वर सरकतात. म्हणजे वैनगंगेच्या जाळ्यात सापडणाऱ्या झिंग्याचे नाते शेकडो किलोमीटर दूर असलेल्या समुद्राशी जोडलेले असते. मधल्या प्रत्येक बंधाऱ्याने हे नाते अधिक पातळ केले आहे. मासे चढण्यासाठी बंधाऱ्यांत उतरता मार्ग ठेवणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही. आपल्याकडे प्रकल्पांच्या आराखड्यात त्याला क्वचितच स्थान मिळते.

गडचिरोलीच्या दक्षिण भागात आता खाणींचा अध्याय सुरू झाला आहे. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरावर २०१६ पासून लोहखनिजाचे उत्खनन होत असून २०२३ मध्ये त्याची परवानगी दिलेली वार्षिक क्षमता तीस लाख टनांवरून एक कोटी टनांवर गेली. पावसाळ्यात डोंगरावरून उतरणारा लाल गाळ शेतांत आणि नाल्यांत येत असल्याच्या तक्रारी परिसरातील गावांनी केल्या आहेत. चंद्रपूरने चार दशकांत जे शिकले, ते येथे पहिल्या दिवसापासून अमलात आणता येईल. मातीचे ढिगारे नाल्यांपासून दूर ठेवणे, गाळ अडवणारे बांध आधी बांधणे आणि गावाच्या उपस्थितीत पाण्याची तपासणी करणे या गोष्टी सुरुवातीला स्वस्त असतात. नंतर त्या जवळजवळ अशक्य होतात.

तलावांचा वारसा

नद्यांइतकीच या प्रदेशाची ओळख तलावांनी घडवली आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या जिल्ह्यांत मिळून सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. लोक त्यांना संक्षेपाने 'मामा तलाव' म्हणतात. याशिवाय बोड्या आहेत त्या वेगळ्याच. गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्यास त्या तलावाखाली भिजणारी जमीन देण्याचे धोरण ठेवले आणि कोहळी समाजाने या कामात विशेष नाव कमावले. अशा वसाहतींना 'तुकूम' म्हणत. चंद्रपूर शहरातील तुकूम हा आजचा गजबजलेला भाग त्या शब्दाची आठवण जपून आहे.

हे तलाव म्हणजे केवळ धानाला पाणी देणारी साधने नव्हती. त्यांत ढिवर आणि केवट समाजाची मासेमारी होती, शिंगाडा होता, कमळकंद होते, काठावर जनावरांसाठी गवत होते. उन्हाळ्यात तळातील गाळ शेतात जाई आणि तलाव आपोआप उपसला जाई. कोणाचा हक्क किती, हे गावाच्या निस्तार हक्कांच्या नोंदीत लिहिलेले असे. १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आली, ही सामाजिक न्यायाच्या दृष्टीने स्वागतार्ह घटना होती. तलाव मात्र सरकारजमा झाले आणि त्यांची जबाबदारी विभागली गेली. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे, मासेमारीचे ठेके मत्स्यव्यवसाय खात्यामार्फत सहकारी संस्थांकडे. सिंचनाचा विचार करणाऱ्याला माशांशी कर्तव्य उरले नाही आणि मासे सोडणाऱ्याला काठावरच्या वनस्पतींशी.

परिणामी तलाव गाळाने भरले, काठांवर बेशरम माजली, रासायनिक खतांचे पाणी शेतांतून उतरून जलपर्णी आणि शेवाळ वाढले. अधिक उत्पन्नाच्या आशेने बाहेरच्या जातींचे मत्स्यबीज सोडण्यात आले आणि मरळ, मांगूर यांसारखे स्थानिक मासे मागे पडले. अलीकडच्या काळात गाळ काढण्याच्या योजना आल्या, हे योग्यच आहे. मात्र यंत्राने सारा तलाव सरसकट खोल केला, की त्याचा उथळ काठ नाहीसा होतो. याच उथळ काठावर पाणवनस्पती उगवतात, मासे अंडी घालतात आणि कमळपक्ष्यासारखे पक्षी तरंगत्या पानांवर घरटी करतात. पाण्याचा साठा वाढतो आणि तलाव मात्र हौदासारखा होतो.

शेजारचा धडा

यावर उपाय काय, याचे उत्तर शेजारच्या गोंदिया-भंडारा जिल्ह्यांत मिळते. तेथील भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर यांनी ढिवर समाजाच्या पारंपरिक ज्ञानाच्या आधारे तलावांच्या पुनरुज्जीवनाचे काम उभे केले. पतिराम तुमसरे यांच्यासारख्या जाणत्या मच्छीमाराला कोणता मासा कोणत्या पाणवनस्पतीत राहतो, काय खातो आणि कोठे अंडी घालतो हे ठाऊक होते. त्या माहितीवर कामाचा क्रम ठरला. आधी बेशरम मुळासकट काढायची, मग तळाची जमीन उन्हाळ्यात नांगरायची, चांगल्या तलावांतून स्थानिक पाणवनस्पती आणून लावायच्या आणि त्या रुजल्यावर स्थानिक मासे सोडायचे.

हा क्रमच या कामाचे मर्म आहे. मासा हा शेवटी येतो. आधी त्याचे घर बांधावे लागते. या कामात गोंदिया जिल्ह्यातील शालू कोल्हे यांच्यासारख्या ढिवर समाजातील स्त्रिया पुढे आल्या. मासे विकणाऱ्या पण मच्छीमार संस्थांच्या कारभारात स्थान नसलेल्या स्त्रियांनी तलावाच्या निगराणीत आपला वाटा मागितला. नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, मूल, सावली या चंद्रपूरच्या धानपट्ट्यातील आणि वडसा-आरमोरीकडील तलावांची रचना याच परंपरेतील आहे. तेथेही हा मार्ग अवलंबिता येण्यासारखा आहे.

मेंढा-लेखाचा नियम

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गोंड आदिवासींच्या गावाचे नाव वनहक्कांच्या संदर्भात देशभर पोहोचले आहे. वनहक्क कायदा, २००६ खाली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांत २००९ साली त्याची गणना झाली. त्याआधीपासूनच देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने येथे अभ्यासगट चालत आणि ग्रामसभेचे निर्णय सर्वसहमतीने होत. गावाजवळून कठाणी नदी वाहते. झाडांच्या साली किंवा फळांचे विष पाण्यात कालवून मासे पकडण्याची जुनी रीत या भागात होती. त्यात लहानमोठे सारेच जीव मरतात. आपल्या जैवविविधतेची नोंद आणि चर्चा करताना गावाच्या हे ध्यानात आले आणि आपल्या हद्दीतील पाण्यात विष वापरायचे नाही, असे ग्रामसभेने ठरवले. ज्येष्ठ परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी लोकांच्या जैवविविधता नोंदवहीचे महत्त्व सांगताना या निर्णयाचा उल्लेख केला आहे.

आज अनेक ठिकाणी वनस्पतीच्या विषाची जागा कीटकनाशकांनी आणि ब्लीचिंग पावडरीने घेतली आहे, त्यामुळे या नियमाचे मोल वाढले आहे. बाहेरून आलेला निरीक्षक महिन्यातून एकदा नमुना घेईल. नदीवर रोज जाणारा माणूस रोज पाहतो. ज्याला नियम आपला वाटतो, तोच तो पाळतो आणि मोडणाऱ्याला अडवतो.

कायदे आहेत, मग अडते कोठे?

महाराष्ट्राने जलप्रदूषणाविरुद्ध १९६९ मध्येच कायदा केला आणि ७ सप्टेंबर १९७० रोजी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. केंद्राचा जलप्रदूषण प्रतिबंध कायदा १९७४ चा, पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा. राष्ट्रीय हरित लवाद २०१० मध्ये आला, पाणथळ जागांचे नियम २०१७ मध्ये सुधारले गेले. कायद्यांची वाण नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक परिसरांचा सर्वंकष निर्देशांक काढला, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशात चौथ्या क्रमांकावर होते. सत्तरहून अधिक गुण म्हणजे अतिगंभीर प्रदूषण. जानेवारी २०१० मध्ये अशा परिसरांतील नव्या प्रकल्पांच्या मंजुरीला स्थगिती मिळाली. कृती आराखडे तयार झाल्यावर ती टप्प्याटप्प्याने उठली. २०१८ च्या मूल्यांकनात चंद्रपूरचे गुण ७६.४१ होते. सुधारणा झाली, तरी परिसर अतिगंभीर गटातच राहिला. केंद्रीय मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत देशातील ३५१ पैकी ५३ पट्टे महाराष्ट्रातील होते आणि त्यांत वर्धा व वैनगंगा या दोन्ही नद्यांचा समावेश होता. २०२२ च्या यादीत देशाची संख्या ३११ पर्यंत उतरली, महाराष्ट्राची मात्र ५५ झाली.

अडचण अशी की प्रत्येक उद्योगाला परवाना स्वतंत्रपणे मिळतो, तपासणी स्वतंत्रपणे होते. नदीला मात्र सर्वांचे एकत्रित ओझे वाहावे लागते. दहा कारखाने आपापल्या मर्यादेत राहिले, तरी उन्हाळ्यातील एका क्षीण नदीसाठी त्यांची बेरीज मर्यादेबाहेर जाऊ शकते. मर्यादा कारखान्यावरून न ठरवता नदीच्या सोसण्याच्या शक्तीवरून ठरायला हवी.

काय करता येईल?

पहिली गोष्ट, वापरलेले पाणी पुन्हा वापरणे. जानेवारी २०१६ च्या केंद्रीय वीजदर धोरणानुसार पन्नास किलोमीटरच्या आत सांडपाणी प्रक्रिया केंद्र असलेल्या औष्णिक केंद्रांनी ते प्रक्रिया केलेले पाणी वापरावे, असे अपेक्षित आहे. नागपूरच्या भांडेवाडी केंद्रातील पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला दिले जाते, हे उदाहरण विदर्भातच आहे. चंद्रपुरात शहर आणि वीजकेंद्र एकमेकांना लागून आहेत. शहराचे सांडपाणी केंद्राकडे वळले, तर झरपट आणि इरईत जाणारी घाण कमी होईल आणि धरणातील तेवढे स्वच्छ पाणी नदीत राहील.

दुसरी गोष्ट, उन्हाळ्यासाठी नदीचा किमान प्रवाह आणि महत्त्वाचे डोह निश्चित करून त्यांना संरक्षण देणे. तिसरी, खाणींच्या ढिगाऱ्यांना नदीकाठापासून ठरावीक अंतर बंधनकारक करणे आणि त्यांवर गवत व स्थानिक झाडे लावणे. चौथी, मामा तलावांची दुरुस्ती करताना उथळ काठ राखणे आणि ढिवर समाजाच्या जाणकारांना आराखड्यापासूनच सहभागी करणे. पाचवी, पेसा कायदा, १९९६ आणि वनहक्क कायद्याने ग्रामसभांना दिलेल्या अधिकारांत पाण्याच्या निगराणीचा समावेश प्रत्यक्षात आणणे. नदीकाठच्या शाळांतील मुलांना प्राणवायू मोजण्याचे साधे संच दिले आणि त्यांच्या नोंदी ग्रामसभेत वाचल्या गेल्या, तरी कागदावरच्या पाहणीपेक्षा ते अधिक उपयोगी ठरेल.

शहरी वाचकाला हे सारे दूरचे वाटण्याची शक्यता आहे. पण मुंबई-पुण्याच्या घरातील दिवा, बांधकामाचे सिमेंट आणि मुलाच्या वहीचा कागद यांचा काही अंश याच खोऱ्यातून येतो आणि त्याची किंमत अद्याप पूर्णपणे मोजली गेलेली नाही. ती किंमत सध्या इरईच्या काठावरचा रहिवासी, वैनगंगेवरचा ढिवर आणि एटापल्लीतील शेतकरी भरतो. वीज स्वच्छ पाण्याच्या खर्चासह महाग पडत असेल, तर ती किंमत वापरणाऱ्याने देणे न्याय्य होईल.

वर्धा आणि वैनगंगा जेथे एक होतात, तेथून पुढच्या प्रवाहाला पूर्वजांनी प्राणहिता हे नाव दिले. प्राणांचे हित करणारी, असा त्याचा अर्थ. हे नाव तिला शोभावे यासाठी लागणारे कायदे आपल्याकडे आहेत, तंत्र आहे आणि मेंढा-लेखासारख्या गावांनी घालून दिलेला कित्ताही आहे. आता तो गिरवण्याची जबाबदारी शासन, उद्योग आणि नागरिक या तिघांवरही आहे.